वाळत घातलेला झेंडा

हरलो असतो तर सोपं होतं.
कोणी काय बोलायचं ते ठरलेलं आहे:
केल्मेन म्हणणार, वारा उलटा होता.
एनेरित्स म्हणणार, दुसऱ्या वळणावर घात झाला.
मी बर्फाच्या कारखान्याची किल्ली बोटात फिरवत म्हणणार,
पोरं झुंजली हो, पण.
त्या ‘पण’च्या टेकूवर आमचं ओत्सागोरी
चव्वेचाळीस वर्षं उभं आहे.

रविवारी तेरा वल्हेकरी आणि एक तांडेल,
मोहरीच्या रंगाची आमची होडी,
पलीकडच्या गावाच्या खाडीत, बास्क किनाऱ्यावरच्या
सगळ्यात मोठ्या शर्यतीत.
तिसऱ्या वळणानंतर आम्ही चौथे.
तेव्हा मी रेडिओ बंद केला. कबूल करतो.
चार होड्यांत चौथं यायचं
त्याला रेडिओ कशाला जाळायचा?

बाहेर आलो तर धक्क्यावर कोणी ओरडत नव्हतं.
बारच्या दारातल्या टीव्हीसमोर दोनेकशे माणसं
आणि एवढी शांतता
की खांबाला घासणाऱ्या दोराची कुरकुर ऐकू यावी.
मला वाटलं, कोणीतरी बुडालं.

मग जाळी विणणारी योशेपा म्हणाली, ‘अठरा.’
काय अठरा?
‘सेकंदाचे शतांश. आपण पुढे.’
‘आपण’ तिने असा उच्चारला
जसे दुकानदाराने चुकून जास्त सुटे परत द्यावेत
आणि हात तसाच
पुढे राहावा.

पोरं रात्री उशिरा आली, होडी ट्रकवर बांधून.
विजयाचा झेंडा त्यांनी आनंदाच्या भरात समुद्रात बुचकळला होता,
खारट, जड, कडेला डिझेलचा डाग.
क्लबात टांगायला खिळा नव्हता.
भिंतीवर नुसते तिसऱ्या क्रमांकाचे फोटो,
त्यातल्या पोरांची पोटं केव्हाच सुटलीत.
योशेपाने झेंडा गोड्या पाण्यातून काढला, पिळला,
गल्लीवरच्या दोरीवर टाकला.
दोन चिमटे इकडे, दोन तिकडे,
शेजारी नातवाचे मोजे.

त्या रात्री गावातली सगळी कुत्री फिरायला निघाली.
ज्यांच्याकडे कुत्रं नाही तेही निघाले.
दोरीखाली आलं की मान वर,
एक नजर,
मान खाली.
आहे.
पुढच्या कोपऱ्यावरून परत वळायचं.
आहे.

आन्ब्रोशिओ ऐंशीचा. शेवटच्या खेपेला हुकलं
तेव्हा पाचवं वल्हं त्याच्या हातात होतं.
त्याने रात्री एकला महासंघाच्या कारकुनाला घरी फोन लावला:
घड्याळ नीट तपासलं का?
‘तपासलं, आजोबा,’ झोपेतला आवाज,
‘तुमच्या गावातून आलेला हा सहावा फोन.’
आणि त्या गावाहून? हरलेल्यांकडून?
‘एकही नाही.’
म्हणजे त्यांना पटलं होतं.
हरायची सवय नसलेल्या माणसांना
पहिल्या झटक्यात.

माझा भाऊ बिशेन्ते दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी.
या फेब्रुवारीत गेला.
त्याचं म्हणणं खरं ठरलं हे त्याला कळायला हवं होतं, वगैरे,
असं लोक मला सांगतात.
मला वाटतं तो चिडला असता.
सप्टेंबरभर करायचं काय मग,
म्हणाला असता.

पहाटे चारला मी बर्फ फोडला.
ट्रॉलरवाले आले, पेट्या भरल्या.
केल्मेनने सवयीने तोंड उघडलं, ‘वारा...’
आणि थांबला.
पुष्कळ वेळाने, चोरी कबूल करावी तसा:
‘वारा बरा होता.’

उजाडल्यावर योशेपा खिडकीत आली.
खाली आम्ही तीसेक जण,
प्रत्येकाला नेमकं त्याच गल्लीत काहीतरी काम.
तिने झेंड्याचं टोक दोन बोटांत धरलं, चाचपलं.
‘ओला आहे अजून,’ म्हणाली, ‘राहू दे आजचा दिवस.’

ओला नव्हता.
वाऱ्यावर चांगला फडफडत होता, कोरडा ठक्क.
आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.