दोन-सहाचा हात

सेलूला तेली गल्लीच्या तोंडाशी
माझं दुकान: एक फळी, आठ खोकी, एक बसकूर.
बाईनं हात पुढं केला की आधी दाबून बघते,
मग माप सांगते. दोन-चार. दोन-सहा.
चेहरे विसरते मी. हात नाही विसरत.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
म्हणून परभणीचा डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला,
"कंपवात आहे, मावशी. हा हळूहळू वाढत जातो,"
तेव्हा मला खळकन आवाज आला.
शेजारी बसलेल्या मुंजाजीला नाही आला.

पहिलं वरीस उजवा हात पदराखालीच ठेवला,
चोरून आणलेल्या कोंबडीसारखा.
आतल्या आत फडफडायचा.

पोरगा म्हणाला, दुकान बंद कर, आराम कर.
केला. चार दिवस.
पण आराम म्हणजे काय, ते त्या हाताला कुणी सांगावं?
रिकामा ठेवला की नाचतो,
मांडीवर, उशीवर, ताटाच्या काठावर.
आणि बांगडी धरली की
तपासणीला साहेब आल्यावर वर्ग होतो तसा
गप.
पाचव्या दिवशी मी फळी उघडली.

आता सगळं गोळीच्या वेळेवर. सहा, दहा, दोन, सहा.
गोळी चढली की मी मोकळी,
उतरली की पाय दारातच चिकटतात,
मागं ना पुढं.
मग मुंजाजीनं दुकानापासून न्हाणीपर्यंत
चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या.
रेघ दिसली की पाय उचलतो, नाही दिसली की रुसतो.
गल्लीतली पोरं त्यावर लंगडी खेळतात.
त्यांच्या मागून माझाही नंबर लागतो.

आणि सायकल!
चालताना अडते, सायकलवर अडत नाही.
नातीची लाल सायकल, मोंढ्याचं मैदान, सकाळचे साडेसहा,
कॅरेज धरून नात पळते मागं,
हमाल बिडी विझवून बघत राहतात.
साठ वर्षं मला कुणी असं बघितलं नव्हतं.

चेहरा मात्र आवरून बसलाय.
"कामून रुसलीस गं माय?" बायका विचारतात.
आतून हसायले, म्हणते मी,
तोंडाला निरोप पोचायला वेळ लागतो.
उधारीच्या वहीत अक्षर मुंगीएवढं झालंय.
सरुबाईला दोनशे चाळीसचे चोवीस दिसले.
भांडलो. मग तिनंच चहा मागवला.
पैसे अजून दिले नाहीत.

परवा मोमीन गल्लीत लग्न होतं.
एकतीस बायका, बासष्ट हात,
गडबडीत दोनची गोळी राहिली.
नवरी शेवटी बसली. फरहीन.
शिलाई मशीन चालवून टणक झालेलं हाड, माप दोन-चार.
नऊ बांगड्या चढल्या.
दहावी अंगठ्याच्या हाडावर आली
आणि माझा हात सुटला.
तिचा हात माझ्या मुठीत, म्हणून तोही हलायला लागला,
तिच्या नऊच्या नऊ वाजायला लागल्या.
ढोलक थांबलं. सगळ्या माझ्याकडं.
मला वाटलं, आता उठावं.
पण पाय तरी कुठं उठणार होते.

"अम्मा," पोरगी हळूच म्हणाली, "और बजाओ ना."
कुणीतरी फसकन हसलं,
ढोलक पुन्हा सुरू झालं, माझ्या हाताच्या चालीवर,
आणि त्या हलण्यातच
दहावी सरकून गेली मनगटात,
साबण न लावता.

निघताना तिनं वाकून सलाम केला.
मी खोकं आवरत होते. तीन वाढल्या होत्या.
हात धड होता तेव्हा
बासष्ट हातांमागं पाच तरी वाढायच्या.

रात्री आडवी झाले की माझ्याच बांगड्या किणकिणतात.
पलीकडून मुंजाजी म्हणतो, झोप ना आई.
मी झोपायलेच रे, म्हणते.
हा माप घ्यायलाय.