मोड

डिचोलीची नोंदणी कचेरी. पंखा कुरकुरतो.
"आई, इथे फक्त सही," दत्तराज म्हणतो.
धाकटे दीर दारातच,
स्कूटरची चावी बोटाभोवती फिरवत.

बाई यादी माझ्याकडे वळवतात:
घर, काजूचं भाट,
कुळागरातल्या पोफळी,
पतपेढीतली ठेव,
तांब्याचा भाणसुद्धा.
"यातलं निम्मं तुमचं."

हे गेले, म्हणून मिळालं?
"नाही हो. लग्नाची नोंद झाली ना,
तेव्हापासून."

एकतीस वर्षं
शिरगावच्या जत्रेला जाताना
बसच्या तिकिटापुरते
मागून घ्यायची ह्यांच्याकडून.
परतल्यावर
उरलेली मोड
ओंजळीत मोजून द्यायची.

पेनाला टोपण लावते.
बस रे दत्तराज.
वाच मला सगळं,
भाणापासून.
काकांनाही म्हण, बसा.