हिवाळ्याचा आठवडा

राजधानीहून आलेल्या निळ्या फायलीत
वारानुसार लिहून दिलंय.
सोमवार : कापसाचे गोळे चिकटवून बर्फ तयार करा.

खिडकीबाहेर नारीन गाव, सकाळचे साडेआठ, उणे अठरा.
बर्फ रात्रीतून चौकटीपर्यंत चढलेला,
काचेला नाक लावून आत बघत उभा.
कापूस मी कपाटात ठेवला.
कुणाचा कान ठणकला तर लागेल.

मंगळवार : कपडे घालण्याचा क्रम.
लोकरीचे पायमोजे, त्यावर विजार, त्यावर दुसरी विजार,
नमद्याचे बूट, कोट, कानटोपी, शेवटी हातमोजे.
अठरा मुलं, चाळीस मिनिटं.
बेगायिमची शेवटची गुंडी लागते न लागते
तोच सगळ्यात आधी तयार होऊन बसलेला एर्मेक
गुडघे जुळवून म्हणतो, "एजे, शू."
मग तोच क्रम उलटा, शेवटाकडून.
उलटी मोजणी फायलीत पुढच्या वर्षी आहे.

अंगणात ठसे ओळखायचे होते.
हा कावळा, ही चिमणी,
हे मांजर इथे थांबलं, विचार केला, परत फिरलं.
झिबेक आपल्याच ठशांत पाय ठेवत
उलट्या पावली दारापर्यंत गेली
आणि म्हणाली, आता मी आलेच नव्हते.
तिच्याशी वाद कसा घालायचा
ते मला अजून सुचलेलं नाही.

आत आल्यावर हातमोजे शेगडीवरच्या दोरीवर.
जोड्या लावायच्या. पस्तीस भरले.
एक हिरवा एकटाच लोंबतोय.
"एका हाताच्या माणसाचा असेल," उलान म्हणाला.
वर्ग गप्प झाला,
कारण तसा माणूस आमच्याकडे आहे :
राखणदार कालिबेक. त्याचा डावा हात खाणीत राहिला.
मी काही बोलायच्या आत
दोघं जाऊन त्याला घेऊनच आली.
त्याने टोपी काढली, मोजा उजेडात धरला,
अंगठ्यावर चढवला,
"माझाच. धुण्यात आटला."
आयदाय तेवढी हसली नाही. हिरवा तिचा.
दुसरा वसंतात सापडेल, नालीच्या तोंडाशी,
दरवर्षी कुणाचा ना कुणाचा सापडतो.

बुधवारी फाईल उघडलीच नाही.
पत्र्याची बादली दिली, म्हटलं, भरून आणा,
दाबून, वर शीग लावून.
शेगडीजवळ ठेवली. हातात खडू घेतला.
पाणी कुठवर येईल ते ज्याने त्याने बोट ठेवून सांगायचं.
अठराही बोटं काठावर.

जेवणं झाली, झोप झाली.
उठून बघतात तर तळाशी
चार बोटं पाणी.

"कुणी प्यायलं?"
तिलेकने एकेकाच्या हनुवटीला हात लावून पाहिला,
ओली आहे का. माझ्याही.
मग बादलीपाशी जाऊन उकिडवा बसला,
इतका वेळ, की नाक पुसायचंही विसरला.
"कुणीच नाही," तो म्हणाला.
"बर्फ उभा होता. रात्रभर उभा.
दमला. बसला."

मला हवेबद्दल सांगायचं होतं,
बर्फातल्या मोकळ्या जागेबद्दल.
नाही सांगितलं.

पाणी गाळलं.
पांढऱ्या फडक्यावर काळी पूड,
गवताची एक काडी, लोकरीचा धागा.
पांढऱ्यात काळं कुठून आलं?
सतरा जणांनी आकाशाकडे बोट केलं.
आयदायने आमच्याच धुराड्याकडे.

पाच वाजता सगळे गेले. अंधार.
फायलीत रकाना आहे : मुलं काय शिकली,
आणि खाली दोन ओळींची जागा.
मी त्यांच्या खुर्चीत बसलेय, गुडघे हनुवटीशी,
पेन नुसतं हातात.
शेगडी विझत आलीय.
सकाळी छत्तीस थंड पाय येतील,
कोळशाचं एक फावडं घालावंच लागतं.
धूर वर चढतो.
उद्या तो कुठल्या पांढऱ्यावर उतरेल
ते आयदाय सांगेलच.