कपड्यांवर लक्ष

बंदरावरच्या पोलिसाने खडूने पाटीवर लिहिलं:
वारा आठ. बोट नाही.
आणि हात झटकून तो कॉफी प्यायला गेला,
जणू आठ हा आकडा त्यानेच मंजूर केला होता.

आमच्या चार बॅगा, मावशीसाठी घेतलेलं कलिंगड,
स्त्रातिसची फुगवलेली ट्यूब, जिची हवा
पिरेअस येईपर्यंत तो काढू देणार नव्हता,
सगळं पुन्हा खेचरांच्या वाटेने वर गावात,
कल्लिरोईबाईंच्या त्याच खोलीत.
आमच्या चादरी धुवून दोरीवर फडफडत होत्या.
बाईंनी त्या दमटच काढल्या, म्हणाल्या,
‘वारा आहे तोवर भाडं नाही.
वारा काही मी बोलावला नाही, तुम्हीही नाही.
बदाम फोडायचेत. बसा.’

बाबा बसले.
धक्क्यावर क्रेन चालवणारा माणूस;
तीस टनांचा कंटेनर असा टेकवतो
की खालच्या मुंगीचीही झोप मोडू नये,
असं त्याचे दोस्त सांगत.
बदामाचा मात्र दरवेळी भुगा.

आठ दिवस आम्ही रोज क्लिसिदीच्या किनाऱ्यावर जात होतो.
आई पाण्यात, मी पाण्यात, स्त्रातिस ट्यूबसकट पाण्यात,
बाबा झाऊच्या सावलीत, बुटांसकट.
‘कपड्यांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.’
कोण नेणार होतं कपडे?
तिथे दोन बकऱ्या आणि एक झोपलेला जर्मन.
पण मी अकरा वर्षांची होते,
मला वाटायचं, सगळ्याच बाबांना हे काम असतं.

त्या संध्याकाळी, टरफलांचा ढीग वाढत असताना,
बाई मान वर न करता म्हणाल्या,
‘पानायिस, तुला पोहता येत नाही.’
विचारलं नाही. सांगितलं,
तुझं बटण तुटलंय, असं सांगावं तसं.

हातोडी थांबली.
आईने एकाएकी मावशीचं कलिंगड कापायला घेतलं.
म्हणजे तिला ठाऊक होतं.
दर उन्हाळ्यात तीच तर आधी म्हणायची,
‘तू बस रे, कपड्यांकडे बघ.’

सकाळी डोंगराच्या आडोशाला समुद्र निपचित.
बहात्तर वर्षांच्या कल्लिरोईबाई
काळ्या झग्यानिशी, गवती टोपीनिशी
कमरेइतक्या पाण्यात, हाताच्या ओंजळीवर बाबा.
‘मान सोड.’
‘सोडलीय.’
‘नाही. मान अजून क्रेनवर आहे.’
बाबांच्या पायांचे अंगठे आम्ही पहिल्यांदाच उन्हात बघत होतो.

‘आता हात काढतेय,’ बाई म्हणाल्या.
‘सांगून काढतेय. फसवून शिकवलेलं टिकत नाही.’
काढला.
बाबा दगडासारखे तळाला.
नाकातोंडात पाणी, खोकला,
एक शिवी, जी स्त्रातिसने जपून ठेवली,
आणि मग, ‘पुन्हा.’

किती वेळा पुन्हा, ते मोजलं नाही.
दुपारी कधीतरी ते पाण्यावर राहिले,
डोळे घट्ट मिटून, हात पसरून,
आणि स्त्रातिस ओरडत मोजत होता.
सतराला बुडाले.

आम्ही सगळे पाण्यात होतो तेव्हा. सगळेच.
डोंगरावरून वाऱ्याचा एक झोत खाली उतरला,
दगडांवरचा बाबांचा सदरा उचलला,
बाह्या पसरून तो आमच्या डोक्यांवरून गेला
आणि दूर, फेस होता तिकडे, बसला.
कुणी धावलं नाही.
छातीइतक्या पाण्यात उभे राहून,
दात वाजत असताना, बाबा आईला म्हणाले,
‘बघ. सांगत होतो ना मी.’

तिसऱ्या दिवशी पाटी पुसली गेली.
बाबा बाईंच्या नवऱ्याचा सदरा घालून बोटीत चढले.
नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, बाह्या आखूड.
‘पुढच्या वर्षी परत आण,’ बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी पैसे नव्हते.
त्याच्या पुढच्या वर्षी धक्क्यावर संप.
शेवटी आईने सदरा धुतला, इस्त्री केली,
मी पत्ता लिहिला, मोठ्या अक्षरांत.
पुडकं बांधायच्या आधी बाबांनी त्याच्या खिशात
सतरा बदाम घातले.
स्वतः फोडलेले. अख्खे.