कांडी

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात.
खाली आठ माग, वर आम्ही.
लाईट गेली की गल्ली गप्प होते
आणि आपलाच आवाज आपल्याला लाजवतो.
अशा घरात सहस्रा हाकेला वळत नाही
हे कुणाच्या ध्यानात यावं?
माग सुरू झाले की फरशीला तळवे टेकून हसायची.
सासू म्हणायची, बघ, पोरीला नाद कळतो.

हत्तुरे मॅडमनी विचारलं, घरी भाषा कोणती?
म्हटलं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
विड्या द्यायला जाते तिथं निम्म्या बाया कानडी.
वाटलं, रागावतील.
त्या म्हणाल्या, तुम्हाला भांडायला जी येते ती बोला.
त्या खोलीत मी पहिल्यांदा हसले.

मशिन भिजल्या शेंगदाण्याएवढं. कानामागं.
पहिल्या दिवशी तिनं ते पिठाच्या डब्यात पुरलं.
दुसऱ्या दिवशी मी पानं कापत होते,
कात्री पत्र्यावर करकरली आणि ती दचकली.
तीन वर्षं माझ्या मांडीशी बसून
ती कात्री तिनं नुसती बघितली होती.

अभ्यास साधा. सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स.
तोंडापुढं सूप धरायचं, ओठ दिसू द्यायचे नाहीत.
ऐकू आलं की तिनं डब्यात कांडी टाकायची,
शेडमधली, रिकामी, लाल सुताचा धागा चिकटलेली.
आ ला टाकली. म ला टाकली.
श ला कानाशी हात नेला, थांबली, टाकली.
स राहिला.
स म्हणजे काय हो, दाताच्या फटीतला वारा.
गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे उतरवले,
स राहिलाच.

मग एका रविवारी
हे समोर बसलेले, बनियनवर, भुवईत कापूस.
मी सूप धरलं. स.
ठण्ण.
परत स. ठण्ण.
तिसरा स तर निम्माच निघाला, गळा भरून आलेला.
तरी ठण्ण.
हे म्हणाले, अगं बोल की आता,
मघापासनं नुसती सूप धरून बसलीस.

सहस्रानं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

बावीस वर्षं मागावर.
तिथं सगळे ओठ बघूनच बोलतात.
घरीही हे माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे,
मी त्याला माया समजत आले.
असेलही. दोन्ही असेल.

मंगळवारी खिडकीवर दोन केसपेपर काढले.
हे म्हणाले, माझं काय आता.
पण काल रात्री सहस्रा त्यांच्यापुढं मांडी घालून बसली,
सुपाआड आख्खी लपलेली,
आणि सुपामागनं काहीतरी येत होतं,
स नाही अजून, थ च्या शेजारचं.
हे कांडी धरून, कान पुढं काढून, शाळेतल्यासारखे.
मधेच चोरून माझ्याकडं बघतात.

मी मान हलवत नाही.