कांडीला काय चालतं

तंबाखूच्या सुपाला तिनं कधी तोंड लावलं नाही.
लांबूनच हुंगायची, शिंकायची,
आणि ओल्या पानांच्या पोत्याला पाठ लावून निजायची.
विडी घरकुलातल्या आम्ही सगळ्याजणी तेव्हा म्हणायचो,
मुक्या जिवाला कळतं
काय खावं, काय खाऊ नये.
कात्री थांबवून म्हणायचो,
तंबाखूनं पिवळ्या झालेल्या बोटांनी.

कारखान्यात कांड्यांच्या टोपलीत सापडलेलं पिल्लू,
म्हणून कांडी.

फेब्रुवारीत नरसम्माच्या जावयानं
नान्नजहून द्राक्षांची पेटी आणली.
फुटलेले, गळलेले मणी अंगणात टाकले
तर ही एकेक मणी दातात धरून
लहान पोरीसारखी खात राहिली.
आम्ही हसलो.
अंबादासच्या पोरानं मोबाईलवर काढूनसुद्धा घेतलं.

रात्री ओकली.
सकाळी पाण्याच्या वाटीत हनुवटी टेकून
तशीच पडून होती.

रिक्षावाला म्हणाला, कुत्रं नाही घेत.
मग विड्या जमा करायला नेते त्याच टोपलीत घातली,
वरून डाग पडलेली सेकंडची चादर,
आणि म्हणाले, माल आहे.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण
माझ्या थोरलीच्या वयाची.
काय काय घालता हिला?
मी जरा ताठ बसूनच सांगितलं,
आम्ही खातो तेच. दुजाभाव नाही.
शेंगाचटणी लावून भाकरी, कांद्याच्या आमटीत कालवून भात,
रविवारी मटणाची हाडं,
पोरांच्या हातचं चॉकलेट.

ती लिहायची थांबली.

द्राक्ष नको, मनुका नको.
कांदा नको, शिजवलेलाही नको.
लसूण नको. शिजलेलं हाड नको.
चॉकलेट तर नकोच नको.
मी म्हणाले, बाई, मग सोलापुरात हिनं खायचं काय?
ती हसली, सुईसाठी पायातली शीर शोधता शोधता.
शेंगदाणे? नुसते, चार-दोन. मीठ-तिखट नको.
भात? मोकळा.
भाकरी?
कोरडी द्या थोडी.

तीन दिवस सलाईन. चौथ्या दिवशी शेपूट हललं.

येताना मार्केट यार्डावरून आलो.
कांद्याच्या गाड्यांची रांग,
वास पार घशापर्यंत.
आणि मला एकदम लाल्या आठवला.
धाकटीच्या लग्नात उरलेला कांद्याचा रस्सा
मी त्याला पातेलंभर घातला होता,
खा बाबा, आज आपल्या घरी लग्न आहे, म्हणत.
चार-पाच दिवसांत त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या.
आम्ही म्हटलं, नजर लागली.
मी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या.

कशानं गेला, आता कोण सांगणार.
त्या रात्री बंडलात विड्या मोजताना
तीनदा चुकले.

आमच्यात कुत्र्याची भाकरी शेवटची,
परातीला चिकटलेल्या पिठाची.
आता मी तिची पहिली थापते.
कांदा चिरायच्या आधी,
लसूण ठेचायच्या आधी,
हाताला नुसता ज्वारीचा वास असतो तेव्हा.
नरसम्मा म्हणते, माणसाआधी कुत्रं?
हो, म्हणते मी, आणि तवा तापवते.

कांडी ती भाकरी हुंगते,
नाकानं कोपऱ्यात सारते,
आणि माझ्या ताटातल्या चटणीकडं
बघत बसते.