खरखर

डवलेकाकांच्या दुकानावर पाटी अजून तीच:
रेडिओ, टेप, पंपाचे स्टार्टर खात्रीने दुरुस्त.
आत मोबाईलची कव्हरं, चार्जर,
आणि बाकड्याखाली पत्र्याच्या पेटीत
मेलेल्या रेडिओंची आतडी.

म्हटलं, काका, जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर पाहिजेत, दोन.
काहाले?
गिटारचा आवाज फाडायचा आहे.
सहा ढोल, दोन संदल, वरून पॅडवाला सुबोध;
धुमालात माझी तार माझ्याशिवाय कोणालाच ऐकू येत नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
चाळीस साल झाले, लोकायच्या रेडिओतली खरखर काढून राह्यलो मी,
अन् तू म्हणतं, खरखर भरून द्या?
शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकवलं: आयकलं का बाप्पा,
पोट्टं चांगलं दूध घेऊन आलं, म्हणे नासवून द्या.

मग पेटी ओढली.
टोपी घातलेले, तीन पायांचे, नखाएवढे.
मीटरची टोकं लावत गेले एकेकाला:
हा गेला. हाही. हा गळते.
थांब. हाही गळते, पण लाजत लाजत. घे.
जिनिंगच्या चौकीदाराचा रेडिओ होता,
न्याले आलाच नाही तो. बावीस रुपये बाकी हायेत.

दिग्रसला मे महिन्यात दिवसा लाइटीचा भरवसा नाही,
म्हणून जोडणी दिवेलागणीनंतर.
तपकिरी-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रेझिस्टन्स,
कुठल्याशा फुटक्या अॅम्प्लीचा व्हॉल्यूम,
भंगारातल्या जीपचा पायानं दाबायचा डिपर,
आणि माझा शाळेतला चपटा अॅल्युमिनियमचा डबा,
झाकणाला अजून लोणच्याचा वास.
राळेचा धूर वर आला तेव्हा
काकांनी डोळे मिटून तो ओढला, विडी ओढावी तसा.
बॅटरीचं प्लस अर्थले? सगळं उलटंच हाय लेका तुहं.

पहिल्यांदा पाय दिला.
गिटार बोललीच नाही.
भोंग्यातून एक बाई बोलली, शांत, सरकारी:
तूर, हरभरा, हळद,
यवतमाळ, पुसद, आवक साधारण.
मी हसत सुटलो. वाटलं, चौकीदाराचा ट्रान्झिस्टर
जुन्या सवयीनं कामावर आला.
काका हसले नाहीत. एक वायर खरवडली, झाकण दाबलं.
अर्थ नाही त्याले, म्हणाले. अर्थ दे.
दिला. बाई गेली.

मग तार छेडली आणि सूर निघाला.
निघाला कसला, थ्रेशरमध्ये ओलं सोयाबीन अडकावं
तसा अडकला, गुरगुरला,
आणि तुटता तुटेना.
वरचा पत्रा थरारला.
झेरॉक्सवाल्याचं कुत्रं उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सेहेचाळीस डिग्रीत, डबा मुका.
आधी थुंकल्यासारखं फट् फट्, मग तेही नाही.
ऊन लागलं त्याले, काकांचं फोनवर निदान.
जर्मेनियम हाय ते, नाजूक जात.
मी डबा माठाच्या बुडाशी ओल्या पोत्यावर ठेवला.
आईनं ऐकलं होतं अर्धंच;
तिनं शेजारी एक कांदा ठेवला.
थोड्या वेळानं आवाज परत आला.
कांद्याचं श्रेय ती अजून सोडत नाही.

आर्णी रोडच्या लग्नाची वरात
रात्री दहाला बाजारचौकातून वळली.
मी जनरेटरच्या गाडीवर,
डबा बर्फाच्या पिशवीवर.
पाय दिला.
ढोलवाल्यांनी मागं वळून पाहिलं, पहिल्यांदाच.
शटर वर करून डवलेकाका उभे होते.
मान हलवली नाही, हात केला नाही;
फक्त उजव्या हाताची दोन बोटं
हवेत किंचित फिरली,
स्टेशन लावताना फिरतात तशी.
खरखर वाढवायला की काढायला,
गर्दीत मला दिसलं नाही.